शेवटच्या विमानातली जागा

जानेवारी १९९१. युद्ध तोंडावर आलं होतं. सौदीतल्या दम्मामहून मुंबईला निघणाऱ्या कंपनीच्या शेवटच्या विमानात इंजिनिअर रत्नाकर आणि त्याची बायको शीला, दोघांनाही जागा मिळाली होती.

"त्या नर्सबरोबरचे तुमचे फोटो वहिनींना दाखवू, की तुमची जागा मला देताय?" ऑफिसातल्या चैतन्यने विचारलं.

रत्नाकरने गुपचूप यादीतलं नाव बदलून घेतलं.

"मला कामासाठी थांबवलंय गं," विमानतळावर जाणाऱ्या बसपाशी तो शीलाला म्हणाला. तिने नुसती मान हलवली. निदान ती तरी सुखरूप घरी पोचेल, असं त्याला वाटलं. चैतन्य तिच्या शेजारी जाऊन बसला.

बस हलली, तेव्हा उघड्या खिडकीतून शीलाचा आवाज आला,


"म्हटलं नव्हतं तुला? मला कळू नये म्हणून हे काहीही देतील."