शिस्तीची जोडी

थोरलीने मासा पुन्हा मागे ओढला आणि बादलीत टाकला. नेमक्या त्याच क्षणी धाकटीच्या बोटांना सीलच्या पिल्लाचा गळा हललेला जाणवला. पिल्लू गिळायला निघालं होतं. आणखी एक श्वासभर थांबली असती, तर मासा पोटात गेला असता. पण थांबेल ती थोरली कसली! दुधाला साय धरायच्या आत पातेलं उतरवणारी बाई ती.

हे सांगायचं कसं, हा धाकटीपुढचा पेच होता. शेडमध्ये बोलायला बंदी होती. आणि बंदी नसती तरी थोरल्या जावेशी ती बोलत नव्हती.

किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या जहाजातून तेल गळलं आणि खडकांवर काळा चिकट थर बसला, तेव्हा अर्धं गाव मदतीला धावलं. बाहेरगावाहून जनावरांच्या डॉक्टर आल्या, बर्फाच्या कारखान्याची बंद पडलेली शेड ताब्यात घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं. सील म्हणजे मासे नव्हेत, आपल्यासारखी पिल्लांना दूध पाजणारी जनावरं आहेत. या खडकांवरचा कळप आधीच रोडावलाय, एकेक पिल्लू मोलाचं आहे. आई पिल्लाला वासावरून ओळखते. तेलाने वास झाकला की शेजारी पडलेलं पोरही तिला परकं वाटतं. आता ही पिल्लं आपण जगवायची, पण त्यांना माणसाच्या आवाजाची सवय लागली तर उद्या ती होड्यांच्या मागे लागतील आणि जिवाला मुकतील. म्हणून शेडमध्ये तोंडाला कुलूप.

दोघी जावा आल्या होत्या वेगवेगळ्या रस्त्यांनी, दुसरी काही येणार नाही या खात्रीने. डॉक्टरांनी शेजारी उभ्या दिसल्या म्हणून त्यांची जोडी लावून टाकली. नकार द्यायचा तर तोंड उघडायला हवं होतं, आणि आधी उघडणार कोण? तेव्हा जोडी कायम झाली.

भांडण तसं जगावेगळं नव्हतं. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाईंच्या शिलाई मशीनवर दोघींनी हक्क सांगितला. शेवटी मशीन थोरलीकडे गेलं आणि पायाने चालवायचा त्याचा स्टँड धाकटीकडे. तेव्हापासून दोन्ही घरांतले कपडे शिंप्याकडे जात होते, पण हार कुणी मानली नव्हती. मधल्या काळात मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली. लग्नांनाही दोघींनी एकमेकींच्या हनुवटीच्या वर पाहिलं नाही.

गंमत अशी, की हात काही विसरले नव्हते. एका ओट्यावर उभं राहून दोघींनी उमेदीची वर्षं काढली होती. भांडी घासायच्या साबणाने पिल्लाचं तेल काढताना एकीने हात पुढे केला, की दुसरी कोमट पाण्याचा तांब्या त्यात ठेवायची. बाकीच्या जोड्या कुजबुजायच्या, डॉक्टरांची बोलणी खायच्या. या दोघींच्या तोंडून हूं की चूं नाही. डॉक्टर नव्या लोकांना मुद्दाम यांच्या हौदापाशी आणून दाखवायच्या, बघा, याला म्हणतात शिस्त. गावातली मंडळी खाली मान घालून हसायची, पण हसण्याचं कारण डॉक्टरांना सांगायला कुणी धजत नसे.

म्हणूनच हे सगळ्यांत अशक्त पिल्लू यांच्याकडे आलं. नळीने भरवून भरवून त्याचा घसा सोलवटला होता. आता स्वतःहून गिळलं तरच जगेल, असं डॉक्टरांनी सकाळी स्पष्ट सांगितलं होतं.

थोरलीने चिमट्यात दुसरा मासा धरला. पिल्लाने तोंडात घेतला. तिने ओढला. तिसराही तसाच. धाकटीने मान हलवली, भुवया उडवल्या, डोळे वटारले. पण थोरली वर बघेल तर शपथ! पिल्लाची मान आता धाकटीच्या हातात जड होऊ लागली. काळेभोर डोळे मिटायला लागले. तिला रडू कोसळायचंच बाकी होतं. थोरलीने शेवटचा म्हणून मासा पुढे केला, पिल्लाने कसाबसा धरला, आणि थोरलीचं मनगट पुन्हा मागे वळलं.

"ताई, थांबा. ओढू नका," धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात जागच्या जागी थिजला. पिल्लाचा गळा हलला, परत हलला, आणि शेपटीसकट मासा आत गेला. पिल्लाने तोंड उघडलं आणि ते चिमट्यालाच चावायला धावलं.

थोरलीने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही बघत होतात कुठे?"

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बांध फुटला तो फुटलाच. दुसरा मासा पोटात जाईपर्यंत गुडघेदुखी झाली, तिसऱ्याला सुना झाल्या. मग सासूबाईंचा विषय निघाला आणि दोघी तोंडावर हात दाबून गदागदा हसायला लागल्या. शेजारच्या हौदांतली पिल्लं माना उंचावून ऐकू लागली. डॉक्टर दोनदा येऊन ओठांवर बोट ठेवून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या दोघींना दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या.

पिल्लाने बादली रिकामी केली होती, त्याचं कौतुक त्यांनी तोंड भरून केलं. पण उद्यापासून थोरलीने मागच्या अंगणात टॉवेल धुवायचे आणि धाकटीने मासे निवडायचे, जोडी मोडली, असंही सांगितलं. दोघींनी निमूट मान डोलावली. थोरली हात धुवायला वळली, तशी डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेतलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"इतकं छान, हूं की चूं न करता काम करत होतात हो," त्या हळूच म्हणाल्या, "आज दोघींचं काही बिनसलंय का?"