यंदा थांबायचं न्हाय

"काय पण होऊ दे, यंदा थांबायचं न्हाय," केसरीनाथनं स्वतःला तिसऱ्यांदा बजावलं आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं.

भिवंडीतल्या कॉलेजच्या हॉलमध्ये विद्यापीठाच्या जॅझ बँडची निवड चालली होती. पियानो, बास आणि ड्रम वाजवणारी तीन पोरं मुंबईहून आली होती. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, एकेका उमेदवारानं आत येऊन त्यांच्या साथीनं पाच मिनिटं वाजवायचं. निवड करणारे वसईचे परेरा सर सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते. तोंड दिसलं की वशिला आठवतो, असं त्यांचं म्हणणं. उमेदवारानं फक्त गावाचं नाव सांगायचं. स्वतःचं नाव वाजवून झाल्यावर लिहायचं.

गेल्या वर्षी ही निवड मुंबईत झाली होती, आणि तिथंच केसरीनाथची माती झाली होती. ऐन रंगात ड्रमवाल्याचा एक ठोका निसटला आणि ह्याची बोटं जागच्या जागी थांबली. त्यात त्या बोटांचा तरी काय दोष? सकाळी कॉलेज आणि दुपारपासून नारपोलीच्या कापड कारखान्यात मागावर ड्युटी, अकरावीपासून हेच चाललेलं. मागावर धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मग पुढं जायचं. न थांबवला तर पुढचं सगळं कापड नासतं. हातांना तेवढंच ठाऊक. तो थांबला, ड्रमवाला सावरला, मग ह्यानं सूर पुन्हा उचलला आणि शेवटपर्यंत नेला. पण मधल्या त्या क्षणाची त्याला इतकी लाज वाटली की विचारू नका. मागावर कापड बिघडलं की चांगला कारागीर मुकादमाच्या शिव्यांची वाट बघत नाही, आपला डबा उचलतो आणि चालू लागतो. केसरीनाथनंही तेच केलं. नाव न लिहिताच निघून आला.

घरी लडकूमामानं सगळं ऐकून घेतलं. मामाची उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये गेलेली, क्लॅरिनेट त्याचंच. तो म्हणाला, "वरातीत घोडा बिथरू दे, न्हायतर नवरा खाली पडू दे, वाजवणारा थांबत न्हाय. थांबला तो मेला." मग वर्षभर मामा ढोल घेऊन समोर बसायचा आणि मुद्दाम चुकायचा. भाचा अडखळला की पाठीत धपाटा. शेवटी ती सवय अशी काही मोडली की केसरीनाथ मागावरही तुटलेला धागा तसाच जाऊ द्यायला लागला. मुकादम ओरडायचा, "क्या रे, आँख फूटी क्या तेरी?" दोनदा त्याला घरी बसवलं. तेही त्यानं सोसलं. बी.ए.चं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा निवड झाली नाही, तर विद्यापीठ संपलं, बँड संपला. राहिला तो माग, जन्मभर.

आता त्यानं वाजवायला सुरुवात केली. पहिली दोन मिनिटं झकास गेली. तिसऱ्या मिनिटाला ड्रमवाल्याचा ठोका निसटला.

केसरीनाथला तो लख्ख ऐकू आला. बोटं आखडली. पण त्यानं दातओठ खाऊन सूर पुढं रेटला. ड्रमवाला मागं फरफटत राहिला, कुठंतरी शेवटी येऊन मिळाला. ह्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. संपलं तेव्हा शर्ट घामानं भिजला होता आणि छाती आनंदानं भरून आली होती. जमलं एकदाचं. त्यानं ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं.

संध्याकाळी परेरा सरांनी चार नावं वाचली. त्यात केसरीनाथ नव्हता. त्याला वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. पण सरांनी कागदाची घडी घातली.

"चौथी जागा मी भिवंडीच्या एका पोरासाठी राखून ठेवली होती," ते म्हणाले. "गेल्या वर्षी ड्रमवाला चुकला, तेव्हा तो पोरगा थांबला. त्याला जागेवर येऊ दिलं आणि मग सूर उचलला. मी मागं वळतोय तर पोरगा गायब, नाव ना पत्ता. त्याच्यासाठीच यंदा निवड इथं आणली. आज प्रत्येकाच्या वेळी तो ठोका आम्ही मुद्दाम सोडत होतो. सतरा जणांनी वाजवलं, एकही थांबला नाही. तो आलाच नाही. शेवटी जागा दुसऱ्याला दिली."

हॉल रिकामा होईपर्यंत केसरीनाथ खुर्चीला धरून उभा राहिला. मग सरांसमोर गेला.

"सर, तो मीच."

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग आज का नाही थांबलास? ठोका ऐकू आला नाही?"

"आला ना सर, लख्ख आला. पण वर्षभर मार खाऊन न थांबायला शिकलोय. पुन्हा बघा ना एकदा. आता सांगाल तिथं थांबतो."

परेरा सरांनी कागद खिशात ठेवला तो ठेवलाच.

"ज्यांना ऐकू आलं नाही, त्यांना मी शिकवीन, बाबा," ते म्हणाले. "तुला सोबत्याचा हात चुकलेला ऐकू आला, आणि तू त्याला तसाच टाकून पुढं गेलास."