खंडेनवमीच्या काचा

बारा काचा होत्या. अकरा काचांवर औषध दिलेल्या उंदराच्या फुप्फुसाचे पातळ काप होते; बारावी तुलनेसाठी कोरी ठेवलेली. जपून ठेवलेलं फुप्फुस आता संपलं होतं, त्यामुळे हर्षालीच्या दोन वर्षांच्या कामाचा निकाल या काचांवरच लागणार होता. औषध लागू पडलं असेल, तर रोगाशी लढणाऱ्या पेशी निळ्या प्रकाशात हिरव्या चमकणार होत्या.

सकाळी नाशिकच्या त्या प्रयोगशाळेत खंडेनवमीची पूजा झाली. शिपाई हिरामणकाकांनी मायक्रोस्कोपला हळद-कुंकू वाहिलं आणि ट्रेमधल्या उघड्या काचांकडे बघून म्हणाले, "ताई, ह्या काय सावत्र हायेत का?"

हर्षाली हसली. काकांनी बाराही काचांवर चिमूटभर हळद सोडली, तिने हात जोडले आणि मग काचांवर झाकणं कायमची चिकटवून टाकली.

दुपारी मायक्रोस्कोपला जोडलेला पडदा हिरव्या ठिपक्यांनी भरून गेला.

"पूजा पावली बघा! पेढे कधी, ताई?" काका म्हणाले.

गाईड मॅडमनी मात्र विचारलं, "कोरी काच बघितलीस का गं? हळदही निळ्या प्रकाशात हिरवी चमकते."

 

कोऱ्या काचेवर हिरवे ठिपके निघाले, चारशे बारा.