पानं तपासणारा

फेनाबाईंनी टोमॅटोचं पान उलटं करून बेरेंडपुढे धरलं. वरून तेलकट तपकिरी डाग, खाली पांढरी बुरशी. चष्मा लावायचीही गरज नव्हती.

"करपाच ना?"

"करपाच," बेरेंड म्हणाला. त्यांच्या तोंडाकडे बघायचं त्यानं टाळलं.

ग्रोनिंगेन शहराच्या कडेला, कालव्यालगतच्या त्या चाळीस भाड्याच्या बागांमध्ये पानं तपासायचं काम बारा वर्षं बेरेंडकडे होतं. दर बुधवारी हा प्रत्येक फाटकातून आत शिरणार, पानं उलटीपालटी करणार. करपा दिसला की औषधबिषध काही नाही. झाडं त्याच दिवशी उपटून पिशवीत बांधायची आणि शेजारी सावध व्हावेत म्हणून फाटकाला पिवळं फडकं लावायचं. नियम त्यानंच केलेला. कुणी कितीही रडकुंडीला आलं तरी हा बुवा ऐकायचा नाही. मात्र त्याची स्वतःची बाग कुणी तपासावी, हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मागल्या वर्षीचे दोनचार बटाटे मातीत राहिले असणार माझ्याकडून," फेनाबाई म्हणाल्या. "त्यातूनच आला. हल्ली वाकवत नाही हो, पण ते काही कारण नाही."

त्या आपल्या अकरा झाडांकडे बघत राहिल्या. बी त्यांच्या नवऱ्यानं धरलेलं. तो गेल्यावर जेवढं उरलं होतं, तेवढं सगळं त्यांनी यंदा पेरलं होतं. अजून एकही फळ पिकलं नव्हतं, म्हणजे पुढचं बी आता मिळणार नव्हतं.

"रविवारी सगळे बागेत जमले की सगळ्यांची माफी मागते. तुमच्याकडे तर नाही ना गेला? माझ्यामुळे तुमची झाडं गेली, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

बेरेंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं खिशातून फडकं काढलं आणि फाटकाला बांधायला घेतलं. बारा वर्षांची सवय, पण आज गाठ काही बसेना.

"द्या इकडे," म्हणत फेनाबाईंनी ते घेतलं आणि स्वतःच बांधू लागल्या.

तेव्हा मात्र त्याच्यानं राहवेना.

"फेनाबाई, करपा माझ्याकडून आलाय. गेल्या बुधवारी सकाळी माझ्याच झाडांवर दिसला होता. डागाळलेली पानं खुडली आणि गप्प बसलो. माझ्या फाटकाला फडकं म्हणजे... लोक काय म्हणतील, असं वाटलं. लाज वाटली हो."

त्यांचे हात थांबले.

"बुधवारी?" त्या म्हणाल्या. "बुधवारी तुम्ही इथे बसून कॉफी प्यायलात. मग एकेका झाडाची पानं चाचपलीत. झाडं बरी आहेत, म्हणालात."

"हो."

फेनाबाईंनी गाठ पक्की केली. मग वाफ्यात जाऊन पहिलं झाड बुडाशी धरलं आणि ओढलं. झाड दांडगं होतं, येईना. त्यांनी पुन्हा जोर लावला, तशा त्या किंचित हेलपाटल्या. बेरेंड धावून पुढे झाला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "हात लावू नका."