चाचणीची वीस पानं

विसाव्या पानावरचं शेवटचं वाक्य अर्ध्यातच तुटलं होतं. ती पानं फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मारिवीकने एका कंपनीच्या ऑनलाइन टायपिंगच्या कामाची चाचणी म्हणून टाइप करून पाठवली होती. काम मिळालं, तर दीड वर्षाच्या लेकीला सोडून परदेशी जावं लागणार नव्हतं. उत्तर आलंच नाही.

आज शेजारच्या लोर्नाने आपल्या चाचणीची पानं दाखवली. ती त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यापासून सुरू होत होती.

“अख्खं पुस्तक फुकटात करून घेतलं की मेल्यांनी,” लोर्ना म्हणाली. “तू तर आभारही मानले असशील.”

“दोनदा.”

मारिवीकने मांडीवर झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. “ताई, दोहाला बायका पाठवणाऱ्या तुझ्या ओळखीच्या त्या एजंटला हो कळव. घरकामाला जाते मी. हिला सांभाळशील ना?”