पारावरची लेकरं

बन्सीधरने मुलाच्या डाव्या बरगडीखाली बोटं हलकेच रुतवली आणि म्हणाला, "श्वास घे. मोठा."

मुलाने श्वास घेतला. आतून काहीतरी टणक येऊन बोटांना टेकलं. हिवताप पुन्हा पुन्हा येऊन गेला की प्लीहा वाढते आणि अशी हाताला लागते.

"पानथरी हाय न्हवं?" पाराला टेकून उभ्या गोजरबाईने विचारलं.

"आहे. पुढचा."

गोजरबाई गावची सुईण. गावातलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलेलं. म्हणून माणिकराव पाटलांनी मुलं पारावर आणायचं काम तिच्यावर सोपवलं होतं.

गावाशेजारच्या ओढ्यावर बांध घालून सरकार तलाव करणार होतं. आखणीच्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या. पण साठल्या पाण्यात डास वाढतात आणि हिवताप पसरतो. म्हणून आधी गावची मुलं तपासायची. निम्म्याहून जास्त मुलांची प्लीहा वाढलेली निघाली तर तलाव इथे नको. तीन कोस खाली दुसरी जागा पाहून ठेवलेली होती.

हा नियम गावाला सांगायचा नाही, अशी सक्त सूचना होती. सांगितला की लोक आजारी मुलं लपवतात. बन्सीधर विज्ञानाची पदवी घेऊन नुकताच आरोग्य खात्यात नोकरीला लागला होता. ही सूचना त्याला अगदी पटली होती.

"सायब, तळं व्हईल न्हवं?" गोजरबाईने विचारलं.

"ते माझ्या हातात नाही, आजी."

"मग लेकरांची पोटं कशाला दाबायलाव?"

"बांधाला जागा घावती का बघायलेत," छकडा हाकणारा आश्रुबा म्हणाला. पारावरची माणसं हसली. बन्सीधरही हसला.

पाटील मात्र हसले नाहीत. "निजामाच्या अमलात दोनदा अर्ज दिला सायब. मंजुरी आली न्हाई. आता आपलं सरकार हाय. आता बी न्हाई आली तर मागावं कुनाला?"

सकाळी गावात शिरताना एका दारात एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. "वा, काय गुटगुटीत आहे!" तो सहज बोलून गेला. बाईने मुलावर पदर ओढला आणि ती आत गेली. मागून येणाऱ्या गोजरबाईने कानशिलावर बोटं मोडली.

दुपारी ती त्याला विहीर दाखवायला घेऊन गेली. वाट गल्लीतून होती. भर दिवसा बरीच दारं लावलेली. ओट्यांवर मातीचे बैल ओळीने मांडलेले, लिंबाला दोरीचा झोका. खेळणारं कोणी नाही. ओसऱ्यांवर रिकामे पाळणे, त्यातला एक हलत होता. वारा असेल.

इतके पाळणे, इतके बैल, आणि पारावर मुलं एवढीच. बाकीची हिवतापाने कुठे गेली असतील ते बन्सीधरला कळलं. त्याने विचारलं नाही. असले प्रश्न आयांसमोर विचारू नयेत.

विहीर खोल होती. पायऱ्या संपल्यावर नुसता खडक, आणि तळाला हिरवट पाणी.

"उन्हाळ्यात त्या खडकावरून उतरावं लागतं," गोजरबाई म्हणाली. "माझी लेक मनकर्णा हितंच गेली. सातवा महिना हुता. पाय घसरला." तिने त्या खडकाकडे बोट केलं. "गावच्या समद्या बायांची बाळंतपणं केली मी. तिचंच ऱ्हायलं. तळं झालं तर कुनाच्या लेकीला हितं उतरावं लागनार न्हाई. येवढंच बघून डोळे मिटायचे हायेत."

परत पारावर आल्यावर त्याने विचारलं, "आजी, अजून कोणी मूल राहिलंय का?"

गोजरबाईने पदर सारखा केला. "न्हाई सायब."

"नक्की?"

"न्हाई म्हनलं की."

बन्सीधरने हिशेब केला. खात्रीसाठी पुन्हा केला. दर दहा मुलांमागे सातांची प्लीहा वाढलेली होती. इतकं वाईट गाव त्याने पाहिलं नव्हतं. पारावरच्या त्या पिवळट, किडकिडीत मुलांजवळ पाणी साठवून ठेवायचं म्हणजे काय, ते त्याला स्पष्ट दिसत होतं.

तो चावडीत गेला आणि तलावाचे ओव्हरसियर दिनकरराव यांना आकडा सांगितला.

"मग प्रश्नच मिटला," दिनकरराव म्हणाले. "गड्यांनो, खुंट्या उपटा. खालच्या जागेवर चला."

दिवस कलायच्या आत खुंट्या, साखळ्या आणि माणसं ट्रकमध्ये भरून निघूनही गेली. ओढ्याकाठी नुसती भोकं उरली.

बन्सीधर छकड्यात बसला तेव्हा गोजरबाई चाकाजवळ आली.

"काय चुकलं आमचं, सायब?"

सूचना अजूनही लागू होती. "चूक कोणाचीच नाही, आजी. तुमच्या लेकरांच्या भल्यासाठीच आहे हे."

"लेकरांच्या भल्यासाठी," ती म्हणाली. तिला काही कळलेलं दिसलं नाही. पण तिने मान हलवली. "तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हनता तसं आसंल."

आश्रुबाने बैलांना हाक दिली. छकडा मानवत गावाच्या वाटेला लागला. बन्सीधरला वाईट वाटत होतं, पण मनात शंका नव्हती. विहिरीत पडून वर्षाकाठी एखादी बाई जात असेल. हिवतापाने मुलं किती गेली असती?

छकडा वेशीत पोचला तेव्हा मागून गोजरबाईचा थकलेला आवाज आला.

"उघडा गं दारं! गेला परका मानूस. आता कुनाची नजर लागत न्हाई. सोडा चांगली लेकरं भाईर."

एकामागून एक दारं उघडत गेली. गालावर काजळाचे ठिपके लावलेली, तुकतुकीत अंगाची मुलं आरडाओरडा करत छकड्यामागे धावत सुटली. पाराजवळचा रस्ता भरला, वेस भरली, तरी गल्लीतून येतच होती. बन्सीधर उठून उभा राहिला आणि एकेक चेहरा बघू लागला.

त्यातल्या एकाच्याही पोटाला त्याचा हात लागलेला नव्हता.