घरी आलेला फोन

'तुमच्याकडे वर्षानुवर्षं काम करायचंय,' असं शेवटी लिहून ऋजुतानं नोकरीच्या अर्जाचं पत्र पाठवलं आणि आईवर नजर ठेवून बसली. हल्ली कंपनीचं यंत्रच घरी फोन करतं ना, अगदी माणसासारखं बोलून पत्रातलं वाक्य न् वाक्य तपासतं!

ती पाणी प्यायला आत जाऊन आली, तर आई फोन ठेवून गालातल्या गालात हसत होती.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही."

"आई!"

"अगं, एक बाई होत्या. काय गोड बोलल्या! स्वभाव कसा, जमवून घेते का, पुढे नोकरी करणार का..."

"मग?"

"मला कळत नाही होय, स्थळ आहे ते? म्हटलं, लग्न झालं की लगेच सोडेल!"

ऋजुताचा मोबाइल वाजला. 'शेवटचं वाक्य खोटं. अर्ज बाद.'

"त्यांचाच का गं?" आईनं डोकावून विचारलं. "पत्रिका मागितली?"